निकोलाय वोझ्नेसेन्स्की : सोव्हिएत नियोजन आणि आकड्यांचे राजकारण (१९०३-१९५०)

प्रस्तावना

‘पंचवार्षिक योजना’ ही संज्ञा भारतीय वाचकाला नवी नाही. स्वतंत्र भारताने नियोजनाचा मार्ग स्वीकारला तेव्हा सोव्हिएत संघाचा अनुभव धोरणकर्त्यांच्या डोळ्यांसमोर होता. मात्र त्या अनुभवाविषयी आपल्याकडे जे लेखन झाले त्यात लेनिन, स्टालिन, क्रुश्चेव्ह अशा राजकीय नेत्यांचाच विचार प्रामुख्याने आढळतो. ज्या अधिकाऱ्यांनी योजनांचे आकडे प्रत्यक्ष मांडले, कोळसा, पोलाद आणि धान्य यांचे ताळेबंद जुळविले आणि त्या आकड्यांचे उत्तरदायित्व पेलले, त्यांच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. निकोलाय अलेक्सेयेविच वोझ्नेसेन्स्की हा अशा अधिकाऱ्यांमधील अग्रगण्य होय. वयाच्या चौतिसाव्या वर्षी तो सोव्हिएत नियोजन आयोगाचा, म्हणजे ‘गोस्प्लान’चा, अध्यक्ष झाला. त्रेचाळिसाव्या वर्षी तो पॉलिट ब्यूरोचा पूर्ण सदस्य बनला आणि सत्तेचाळीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, १ ऑक्टोबर १९५० रोजी, त्याला गोळी घालून ठार करण्यात आले.

त्याच्या पतनाचे तात्कालिक कारण असे की, १९४९ च्या पहिल्या तिमाहीचा औद्योगिक उत्पादनाचा इष्टांक त्याने जाणीवपूर्वक कमी धरला, असा आरोप त्याच्यावर ठेवण्यात आला. योजनेतील एका आकड्यावरून देशाच्या अर्थव्यवस्थेचा सूत्रधार पदच्युत व्हावा आणि अखेरीस त्याला प्राणही गमवावे लागावेत, ही घटना केवळ दरबारी कारस्थान म्हणून सोडून देता येत नाही. १९९१ मध्ये सोव्हिएत संघाचे विघटन झाल्यानंतर अभिलेखागारे अभ्यासकांसाठी मोठ्या प्रमाणात खुली झाली. ओलेग ख्लेव्हन्युक, योराम गोर्लिझ्की, पॉल ग्रेगरी, मार्क हॅरिसन यांसारख्या संशोधकांच्या लेखनामुळे या कालखंडाचे चित्र बरेच स्पष्ट झाले आहे. त्या आधारे प्रस्तुत निबंधात दोन प्रश्नांचा विचार केला आहे. आपल्या सर्वांत कार्यक्षम नियोजकाचा स्टालिनच्या राजवटीने नाश का केला? आणि वोझ्नेसेन्स्कीला सत्याचा बळी मानणे कितपत योग्य आहे?

जडणघडण

वोझ्नेसेन्स्कीचा जन्म १ डिसेंबर १९०३ रोजी रशियातील तुला प्रांतातील त्योप्लोये या खेड्यात झाला. त्याचे वडील लाकूड व्यवसायात नोकरीला होते. क्रांती झाली तेव्हा तो तेरा वर्षांचा होता आणि यादवी युद्धाच्या काळात, १९१९ मध्ये, तो बोल्शेव्हिक पक्षाचा सदस्य झाला. जुन्या क्रांतिकारकांना लाभलेला हद्दपारीचा, तुरुंगवासाचा किंवा परदेशातील वास्तव्याचा अनुभव या पिढीला नव्हता. पक्षाची युवक संघटना, पक्षाच्या शिक्षणसंस्था आणि पक्षाची कार्यालये हेच तिचे विश्व होते.

मॉस्को येथील स्वेर्दलोव्ह साम्यवादी विद्यापीठात शिक्षण घेतल्यानंतर १९२४ ते १९२८ या काळात त्याने दोनबास या कोळशाच्या व पोलादाच्या प्रदेशात पक्षकार्य केले. १९२८ मध्ये तो ‘लाल प्राध्यापक संस्थे’त दाखल झाला आणि पुढे तेथेच अध्यापन करू लागला. १९३५ मध्ये त्याला अर्थशास्त्रातील डॉक्टरेट मिळाली. कारखानदारी प्रदेशातील अनुभव आणि अर्थशास्त्राचे औपचारिक शिक्षण या दोन्हींचा संगम त्याच्या ठायी झाला होता.

१९३५ ते १९३७ या काळात लेनिनग्राड शहराच्या नियोजन आयोगाचे अध्यक्षपद त्याच्याकडे होते. या शहराचे पक्षप्रमुख आंद्रेई झ्दानोव्ह होते. तेथे त्याने झ्दानोव्हचा विश्वास संपादन केला आणि हा आश्रय पुढील दहा वर्षे त्याच्या उपयोगी पडला. त्याच्या अंताची बीजेही याच संबंधात होती.

गोस्प्लानचे अध्यक्षपद

गोस्प्लानची स्थापना फेब्रुवारी १९२१ मध्ये झाली. आरंभीच्या दशकात तेथे व्लादिमिर ग्रोमन, व्लादिमिर बझारोव्ह यांसारखे बोल्शेव्हिक नसलेले, परंतु व्यासंगी अर्थतज्ज्ञ कार्यरत होते. उपलब्ध साधने आणि पूर्वीचे कल पाहून योजना आखावी, असा त्यांचा आग्रह होता. औद्योगिकीकरणाच्या झंझावातात ही भूमिका पराभूत मनोवृत्तीची ठरविण्यात आली. १९३० मध्ये दोघांनाही अटक झाली आणि १९३१ च्या तथाकथित ‘मेन्शेव्हिक’ खटल्यात ग्रोमनला शिक्षा झाली. कमी इष्टांक सुचविणे हा राजकीय गुन्हा ठरू शकतो, हे या घटनांनी पुढील पिढीला शिकविले.

१९३७ च्या महाशुद्धीकरणात गोस्प्लानचे नेतृत्व जवळजवळ नष्ट झाले. अध्यक्षपद भूषविलेले वालेरी मेझलाउक आणि गेन्नादी स्मिर्नोव्ह हे दोघेही १९३८ मध्ये मारले गेले. वोझ्नेसेन्स्की जानेवारी १९३८ मध्ये ज्या खुर्चीवर बसला ती अशा रीतीने रिकामी झालेली होती. त्याची गुणवत्ता निर्विवाद असली तरी त्याच्या वेगवान उत्कर्षाला या संहाराने वाट करून दिली, हे विसरता येत नाही.

याच काळातील जनगणनेचे प्रकरण आकड्यांच्या राजकारणावर प्रकाश टाकते. १९३३ च्या अखेरीस देशाची लोकसंख्या १६ कोटी ८० लाख असल्याचे स्टालिनने जानेवारी १९३४ मध्ये जाहीर केले होते. प्रत्यक्षात जानेवारी १९३७ च्या जनगणनेत ती सुमारे १६ कोटी २० लाखच भरली. सामूहिकीकरण आणि १९३२-३३ चा दुष्काळ यांत झालेली मनुष्यहानी या तफावतीतून उघड होत होती. सरकारने ती जनगणना रद्द केली. सांख्यिकी विभागाचा प्रमुख इव्हान क्रावाल आणि जनगणनेचा मुख्य तज्ज्ञ ओलिम्पी क्वित्किन यांना ठार करण्यात आले. १९३९ मध्ये नवी जनगणना होऊन १७ कोटींहून अधिक लोकसंख्या प्रसिद्ध करण्यात आली. या संख्येत वाढ केलेली होती, असे पुढील अभ्यासकांनी दाखविले आहे. त्या वेळी सांख्यिकी विभाग गोस्प्लानच्या अखत्यारीत होता आणि गोस्प्लानचा अध्यक्ष वोझ्नेसेन्स्की होता.

नियोजनाची कार्यपद्धती

वोझ्नेसेन्स्कीच्या कार्याचे स्वरूप समजण्यासाठी सोव्हिएत नियोजनाची यंत्रणा थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. बाजारातील किंमतींऐवजी ‘साधनसामग्रीचे ताळेबंद’ हा या नियोजनाचा आधार होता. पोलाद, कोळसा, सिमेंट, वीज अशा प्रत्येक महत्त्वाच्या वस्तूसाठी एका बाजूस उत्पादन, साठा व आयात आणि दुसऱ्या बाजूस निरनिराळ्या खात्यांच्या गरजा मांडल्या जात. दोन्ही बाजू जुळेपर्यंत आकड्यांत फेरफार केले जात. एका वस्तूचा इष्टांक वाढविला की तिच्यासाठी लागणाऱ्या सर्व वस्तूंचे ताळेबंद पुन्हा करावे लागत.

या व्यवस्थेत उत्पादन करणारी खाती आणि नियोजन आयोग यांचे हितसंबंध परस्परविरोधी होते. इष्टांक गाठला तर बक्षीस आणि चुकला तर शिक्षा, अशी स्थिती असल्याने प्रत्येक खाते आपली क्षमता कमी सांगे आणि कच्च्या मालाची गरज वाढवून सांगे. गोस्प्लानकडे मात्र स्वतःचे कारखाने नव्हते. त्यामुळे खात्यांनी दडविलेली क्षमता शोधून काढणारा तटस्थ पंच म्हणून सर्वोच्च नेतृत्व त्याच्याकडे पाहत असे. पॉल ग्रेगरी यांच्या विवेचनाचा रोख असा की, स्टालिनला गोस्प्लानकडून स्वतंत्र निर्णयाची अपेक्षा नव्हती. खात्यांच्या प्रभावापासून मुक्त अशी विश्वासार्ह माहिती त्याला हवी होती.

वोझ्नेसेन्स्कीने ही भूमिका मनापासून स्वीकारली. फेब्रुवारी १९३८ च्या नव्या नियमावलीनुसार योजना तयार करण्याबरोबरच तिच्या अंमलबजावणीची तपासणी करणे हेही गोस्प्लानचे काम ठरले. प्रांतोप्रांती गोस्प्लानचे प्रतिनिधी नेमले गेले आणि कोठे तूट पडते याची माहिती ते थेट मॉस्कोला पाठवू लागले. खात्यांच्या मंत्र्यांना ही देखरेख जाचक वाटणे स्वाभाविक होते. समकालीनांच्या आठवणींत वोझ्नेसेन्स्की अत्यंत मेहनती, हिशेबात काटेकोर, परंतु उद्धट आणि तापट असा दिसतो. अनास्तास मिकोयानने त्याच्या गर्विष्ठपणाची नोंद केली आहे. दुसरीकडे, रेल्वेमंत्री इव्हान कोव्हालेव्हने सांगितलेली व लेखक कॉन्स्तान्तिन सिमोनोव्हने टिपून ठेवलेली आठवण अशी की, इतर मंत्री आपसांत तडजोड करून मग स्टालिनपुढे येत, वोझ्नेसेन्स्की मात्र आपला मतभेद उघडपणे मांडी आणि स्टालिनला हेच पसंत होते. ज्या गुणामुळे तो स्टालिनला उपयुक्त वाटला त्यानेच सहकाऱ्यांमध्ये त्याला एकाकी पाडले.

युद्धकालीन अर्थव्यवस्था

मार्च १९४१ मध्ये वोझ्नेसेन्स्की कॉमिसार परिषदेचा, म्हणजे तत्कालीन मंत्रिमंडळाचा, पहिला उपाध्यक्ष झाला आणि गोस्प्लानची सूत्रे काही काळासाठी मक्सिम साबुरोव्हकडे गेली. जूनमध्ये जर्मनीने आक्रमण केले. वोझ्नेसेन्स्कीने पुढे दिलेल्या आकडेवारीनुसार नोव्हेंबर १९४१ पर्यंत शत्रूने व्यापलेल्या प्रदेशात युद्धपूर्व लोकसंख्येपैकी सुमारे ४० टक्के लोक राहत होते आणि कोळशाचे ६३ टक्के, कच्च्या लोखंडाचे ६८ टक्के, पोलादाचे ५८ टक्के व धान्याचे ३८ टक्के उत्पादन तेथून येत असे. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत औद्योगिक उत्पादन निम्म्याहूनही खाली आले.

या परिस्थितीत वर्षाची योजना निरर्थक ठरली. वोझ्नेसेन्स्कीच्या नेतृत्वाखाली तयार झालेली १९४१ ची चौथी तिमाही व १९४२ साठीची युद्ध-आर्थिक योजना १६ ऑगस्ट १९४१ रोजी मंजूर झाली. व्होल्गाचे खोरे, उरल, पश्चिम सैबेरिया, कझाकस्तान आणि मध्य आशिया या पूर्वेकडील प्रदेशांत युद्धसामग्रीच्या उत्पादनाचा नवा पाया घालणे हे तिचे उद्दिष्ट होते. कारखाने हलविण्याचे काम श्वेर्निक व कोसिगिन यांच्या स्थलांतर परिषदेकडे होते. हलविलेले कारखाने कोठे उभारावयाचे, त्यांना वीज, कोळसा आणि मजूर कोठून पुरवावयाचे, हा प्रश्न मात्र नियोजकांचा होता. वोझ्नेसेन्स्कीच्या नोंदीप्रमाणे तीन महिन्यांत १,३६० हून अधिक मोठे कारखाने पूर्वेकडे नेण्यात आले. त्यांपैकी ४५५ उरलमध्ये, २१० पश्चिम सैबेरियात आणि २५० मध्य आशिया व कझाकस्तानमध्ये उभे राहिले.

ऑक्टोबर १९४१ मध्ये मॉस्को धोक्यात आल्यावर सरकारी खाती व्होल्गाकाठच्या कुइबिशेव्ह शहरात हलविण्यात आली आणि तेथील शासकीय कामकाजाची धुरा वोझ्नेसेन्स्कीने वाहिली. फेब्रुवारी १९४२ मध्ये तो राज्य संरक्षण समितीचा सदस्य झाला आणि डिसेंबर १९४२ मध्ये गोस्प्लानच्या अध्यक्षपदी परतला. मार्क हॅरिसन यांनी दाखविल्याप्रमाणे युद्धाच्या पहिल्या वर्षी शस्त्रोत्पादन आणीबाणीच्या उपायांनी वाढविले गेले, पण त्याचा भार कोळसा, धातू, वीज आणि वाहतूक या मूलभूत क्षेत्रांवर पडला. शस्त्रे वाढत असताना ती निर्माण करणारा पायाच ढासळू लागला होता. १९४२ च्या अखेरीनंतर हा समतोल पुन्हा साधण्यात ताळेबंदाच्या पद्धतीचा मोठा वाटा होता. वोझ्नेसेन्स्कीची खरी कामगिरी येथे आहे. मात्र त्यासाठी नागरिकांच्या उपभोगात झालेली प्रचंड कपात आणि कामगारांवर लादलेली लष्करी शिस्तही त्याच नियोजनाचा भाग होती, याची नोंद घेणे आवश्यक ठरते.

ग्रंथलेखन आणि आकड्यांची निवड

१९४३ मध्ये वोझ्नेसेन्स्की विज्ञान अकादमीचा सदस्य झाला. त्याचा ‘देशभक्तिपर युद्धकाळातील सोव्हिएत संघाची युद्ध अर्थव्यवस्था’ हा ग्रंथ युद्धानंतर प्रसिद्ध झाला. स्टालिनने त्याचे हस्तलिखित स्वतः तपासले होते आणि १९४८ मध्ये ग्रंथाला स्टालिन पारितोषिक मिळाले. आर्थिक आकडेवारी गोपनीय असण्याच्या काळात इतकी माहिती एकत्र देणारे दुसरे सोव्हिएत पुस्तक नव्हते. त्यामुळे देशाबाहेरील अर्थतज्ज्ञांनीही त्याचा बारकाईने अभ्यास केला.

या ग्रंथातील एक आकडा विशेष गाजला. मित्रराष्ट्रांनी पुरविलेला औद्योगिक माल सोव्हिएत उत्पादनाच्या केवळ ४ टक्के होता, असे त्यात नमूद केले आहे. शीतयुद्ध सुरू होत असताना सोव्हिएत विजय संपूर्णपणे स्वबळावर मिळविलेला आहे, हे ठसविण्यासाठी हा आकडा अनेक दशके वापरला गेला. परंतु चार लाखांहून अधिक ट्रक व जीप, सुमारे दोन हजार रेल्वे इंजिने, विमानाचे इंधन, ॲल्युमिनियम आणि डबाबंद अन्न यांचे महत्त्व अशा सरासरी टक्केवारीत मावत नाही. हॅरिसन यांच्या अंदाजानुसार १९४३ व १९४४ मध्ये परदेशी मदतीचे प्रमाण राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १० टक्के होते. वोझ्नेसेन्स्कीला टंचाईच्या जागा कोणत्या होत्या आणि परकीय मदतीने त्यांतील कोणत्या भरून काढल्या, हे कोणाहीपेक्षा अधिक ठाऊक असणार. तरीही राजवटीला सोयीचा आकडा त्याने पुढे केला. १९४९ मध्ये त्याच्यावर जो आरोप झाला त्याचा विचार करताना ही बाब नजरेआड करता येत नाही.

युद्धोत्तर पुनर्रचना

मार्च १९४६ मध्ये वोझ्नेसेन्स्कीने सर्वोच्च सोव्हिएतपुढे चौथी पंचवार्षिक योजना (१९४६-५०) मांडली. १९५० पर्यंत औद्योगिक उत्पादन युद्धपूर्व पातळीपेक्षा ४८ टक्क्यांनी वाढविणे आणि पोलादाचे उत्पादन २ कोटी ५४ लाख टनांवर नेणे हे तिचे काही प्रमुख इष्टांक होते. उद्योगातील अनेक इष्टांक साध्य झाले. शेतीची स्थिती मात्र बिकट होती. १९४६ च्या अवर्षणानंतरही सरकारने धान्याची सक्तीची वसुली व राखीव साठा यांना प्राधान्य दिले. त्यातून उद्भवलेल्या १९४६-४७ च्या दुष्काळात दहा ते पंधरा लाख माणसे मृत्युमुखी पडली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. डिसेंबर १९४७ मध्ये चलनबदल करून शिधावाटप बंद करण्यात आले.

फेब्रुवारी १९४७ मध्ये वोझ्नेसेन्स्की पॉलिट ब्यूरोचा पूर्ण सदस्य झाला. १ जानेवारी १९४९ पासून अमलात आलेली घाऊक किंमतींची सुधारणा हा त्याच्या काळातील महत्त्वाचा निर्णय होय. कोळसा, धातू अशा अवजड उद्योगांच्या मालाच्या किंमती उत्पादनखर्चापेक्षा कमी असल्याने सरकारला मोठे अनुदान द्यावे लागे. किंमती वाढवून अनुदान बंद करावे आणि प्रत्येक उद्योगाचा हिशेब स्पष्ट व्हावा, असा यामागील विचार होता. त्याच्या पतनानंतर, १९५० मध्ये, या किंमती पुन्हा कमी करण्यात आल्या.

बाह्यतः उत्कर्षाचा वाटणाऱ्या या काळात त्याच्या सत्तेचे आधार मात्र एकेक करून निखळत होते. १९४७-४८ च्या पुनर्रचनेत साधनसामग्रीचे वाटप गोस्प्लानकडून काढून नव्या पुरवठा समितीकडे देण्यात आले. ऑगस्ट १९४८ मध्ये सांख्यिकी विभागही स्वतंत्र झाला. म्हणजेच माहितीवरील गोस्प्लानची मक्तेदारी संपली आणि त्याचे आकडे पडताळू शकतील अशा प्रतिस्पर्धी संस्था उभ्या राहिल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस झ्दानोव्हचा मृत्यू झाला आणि गेओर्गी मालेन्कोव्ह व लाव्हरेन्ती बेरिया यांचे पारडे जड झाले. मिकोयानच्या आठवणींनुसार याच वर्षी स्टालिनने आपल्यानंतर सरकारचे नेतृत्व वोझ्नेसेन्स्कीने आणि पक्षाचे नेतृत्व अलेक्सेई कुझनेत्सोव्हने करावे, असे सूचित केले होते. अशा उल्लेखाने या दोघांचे शत्रू सावध झाले असल्यास नवल नाही.

पहिल्या तिमाहीचा इष्टांक

सोव्हिएत उद्योगात वर्षाच्या अखेरीस योजना पूर्ण करण्याची धावपळ होत असे. डिसेंबरमध्ये यंत्रे व कामगार यांच्यावर कमाल ताण टाकला जाई आणि साठे संपविले जात. परिणामी जानेवारीत उत्पादन घटे. पहिल्या तिमाहीतील ही घसरण यंत्रणेच्या रचनेतूनच उद्भवत होती. स्टालिनला ती मान्य नव्हती. आधीच्या चौथ्या तिमाहीपेक्षा पहिल्या तिमाहीचे उत्पादन कमी होता कामा नये, अशी त्याची मागणी होती आणि तशी योजना करण्याचे वोझ्नेसेन्स्कीने मान्य केले होते.

१९४९ च्या आरंभी पुरवठा समितीचा उपाध्यक्ष मिखाईल पोमाझ्नेव्ह याने सरकारला कळविले की, गोस्प्लानने पहिल्या तिमाहीचे औद्योगिक इष्टांक कमी धरले आहेत. चौकशीत असे आढळले की, इष्टांक वाढविणे शक्य असल्याची टिपणी गोस्प्लानच्याच अधिकाऱ्यांनी सादर केली होती आणि वोझ्नेसेन्स्कीने ती कार्यवाहीविना दप्तरी दाखल केली होती. ५ मार्च १९४९ च्या ठरावात गोस्प्लानने नियोजनात पक्षपाती व अप्रामाणिक दृष्टिकोन ठेवल्याचा ठपका ठेवून वोझ्नेसेन्स्कीला अध्यक्षपदावरून दूर करण्यात आले. दोन दिवसांनी त्याचे पॉलिट ब्यूरोचे सदस्यत्वही गेले.

या आरोपाचे स्वरूप लक्षणीय आहे. एरवी खात्यांच्या मंत्र्यांवर असा ठपका सर्रास येई आणि फटकार मिळून प्रकरण मिटे. गोस्प्लानच्या बाबतीत तसे घडणे शक्य नव्हते, कारण त्याच्या वस्तुनिष्ठतेवर स्टालिनची संपूर्ण व्यवस्था उभी होती. पंचानेच एका पक्षाकडे डोळेझाक केली असे दिसताच त्याची उपयुक्तता संपली. वोझ्नेसेन्स्कीने टिपणीकडे दुर्लक्ष केले त्यामागे तो इष्टांक प्रत्यक्षात साधणार नाही हा व्यावसायिक अंदाज असणे शक्य आहे. परंतु घसरण होणार नाही असे आधी मान्य करून बसल्याने तो अंदाज उघडपणे मांडण्याची सोय त्याने स्वतःच गमावली होती.

लेनिनग्राड प्रकरण आणि अंत

त्याच सुमारास लेनिनग्राडच्या नेत्यांविरुद्ध कारवाई सुरू झाली होती. जानेवारी १९४९ मध्ये त्या शहरात केंद्राच्या रीतसर परवानगीविना घाऊक व्यापाराची जत्रा भरविल्याचा आक्षेप घेण्यात आला. १५ फेब्रुवारीच्या ठरावाने कुझनेत्सोव्ह, मिखाईल रोदिओनोव्ह व प्योत्र पोपकोव्ह यांना पदच्युत करण्यात आले. लेनिनग्राडचे पालकत्व स्वीकारण्याची सूचना १९४८ मध्ये वोझ्नेसेन्स्कीला करण्यात आली होती आणि ती त्याने वेळीच केंद्रीय समितीला कळविली नाही, अशी नोंदही त्यात होती. अशा रीतीने नियोजनातील आरोप आणि गटबाजीचा आरोप एकत्र गुंफले गेले.

तरीही केवळ इष्टांकावरून फौजदारी खटला उभा राहत नव्हता. गोस्प्लानमध्ये नव्याने नेमलेल्या अधिकाऱ्याने ऑगस्ट १९४९ मध्ये असा अहवाल दिला की, १९४४ पासून तेथील २३६ गोपनीय कागदपत्रे गहाळ झाली आहेत. युद्धानंतरच्या गोपनीयतेच्या कडक कायद्यानुसार हा गंभीर गुन्हा होता. सप्टेंबरमध्ये वोझ्नेसेन्स्कीला केंद्रीय समितीतून काढण्यात आले आणि २७ ऑक्टोबर १९४९ रोजी त्याला अटक झाली. पदच्युतीनंतरच्या महिन्यांत तो ‘साम्यवादाचे राजकीय अर्थशास्त्र’ या विषयावर ग्रंथ लिहीत होता. तो कधीच प्रकाशित झाला नाही.

मे १९४७ मध्ये सोव्हिएत संघाने देहान्ताची शिक्षा रद्द केली होती. १२ जानेवारी १९५० रोजी देशद्रोही, हेर आणि घातपाती यांच्यासाठी ती पुन्हा लागू करण्यात आली आणि आधी घडलेल्या कथित गुन्ह्यांना तिचा वापर झाला. २९ व ३० सप्टेंबर १९५० रोजी लेनिनग्राडमध्ये खटला चालला. वोझ्नेसेन्स्की, कुझनेत्सोव्ह, रोदिओनोव्ह, पोपकोव्ह, याकोव्ह कापुस्तिन आणि प्योत्र लाझुतिन यांना देहान्ताची शिक्षा सुनावण्यात आली आणि काही तासांच्या आत ती अमलात आणली गेली. लेनिनग्राड विद्यापीठाचा माजी कुलगुरू आणि रशियन प्रजासत्ताकाचा शिक्षणमंत्री असलेला त्याचा भाऊ अलेक्सान्द्र आणि बहीण मारिया यांनाही त्याच महिन्यात ठार करण्यात आले.

त्याचा ग्रंथ वाचनालयांतून हटविण्यात आला. डिसेंबर १९५२ मध्ये मिखाईल सुस्लोव्हने ‘प्रावदा’त लेख लिहून या ग्रंथाची पूर्वी स्तुती करणाऱ्यांवर टीका केली. स्टालिनच्या मृत्यूनंतर, ३० एप्रिल १९५४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या लष्करी विभागाने वोझ्नेसेन्स्की व इतरांना निर्दोष ठरविले. फेब्रुवारी १९५६ मधील क्रुश्चेव्हच्या गुप्त भाषणातही या प्रकरणाचा उल्लेख झाला.

मूल्यमापन

निर्दोषत्व जाहीर झाल्यानंतर सोव्हिएत लेखनात वोझ्नेसेन्स्कीचे चित्र प्रामाणिक व द्रष्टा अर्थतज्ज्ञ असे रंगविले गेले. काहींनी किंमत-सुधारणेच्या आधारे त्याला पुढील काळातील आर्थिक सुधारणांचा पूर्वसूरी मानले. या मताला मर्यादा आहेत. त्याने नियोजनाच्या केंद्रीकरणाला कधीच विरोध केला नाही, उलट ते बळकट केले. किंमती खर्चाशी जुळवाव्यात हा त्याचा आग्रह केंद्राच्या हिशेबाला शिस्त लावण्यासाठी होता, कारखान्यांना स्वातंत्र्य देण्यासाठी नव्हता.

सत्याचा बळी हे वर्णनही अपुरे आहे. ज्यांनी सत्य आकडा सांगितला ते सांख्यिकी अधिकारी १९३७ मध्येच मारले गेले आणि त्यांच्या जागी झालेल्या व्यवस्थेचा वोझ्नेसेन्स्की लाभार्थी होता. परकीय मदतीचा ४ टक्के हा आकडा त्याने राजकीय गरजेनुसार पुढे केला. १९४९ मध्ये त्याने कमी इष्टांकाचे समर्थन केले नाही, फक्त एक गैरसोयीचा कागद बाजूला ठेवला. दुसरीकडे, युद्धकाळात मोडकळीस आलेल्या अर्थव्यवस्थेचे ताळेबंद पुन्हा जुळविणे, मंत्र्यांच्या फुगविलेल्या मागण्या फेटाळणे आणि स्टालिनसमोर मतभेद मांडणे ही त्याची कामगिरी नाकारता येणार नाही. त्याच्यावरील देशद्रोहाचा आरोप बनावट होता, यात तर संशयच नाही.

समारोप

वोझ्नेसेन्स्कीच्या चरित्रातून निघणारा मुख्य निष्कर्ष संस्थात्मक स्वरूपाचा आहे. सोव्हिएत व्यवस्थेत नियोजकाचा अधिकार त्याच्या आकड्यांच्या विश्वासार्हतेवर अवलंबून होता. परंतु त्या आकड्यांची कसोटी घेणारे स्वतंत्र न्यायालय, विधिमंडळ, वृत्तपत्रे किंवा विद्यापीठे नव्हती. आकडा खरा की खोटा याचा निर्णय एकाच व्यक्तीकडे होता. त्यामुळे सांख्यिकी तज्ज्ञाला अप्रिय सत्यासाठी आणि नियोजकाला न सांगितलेल्या सत्यासाठी सारखीच शिक्षा झाली. याचा परिणाम नियोजनाच्या गुणवत्तेवर होणे अपरिहार्य होते. आपले अंदाज लपविणे हेच सुरक्षित, हा धडा पुढील अधिकाऱ्यांनी घेतला.

लेनिनग्राडच्या गटाशी जवळचा संबंध असूनही अलेक्सेई कोसिगिन या प्रकरणातून बचावला. १९६६ मध्ये ताश्कंद येथे भारत-पाकिस्तान चर्चा घडवून आणणारा पंतप्रधान म्हणून तो भारतीयांना परिचित आहे. त्याच्याच पुढाकाराने १९६५ मध्ये कारखान्यांवरील इष्टांकांची संख्या कमी करण्याची सुधारणा सुरू झाली. पण क्षमता लपविणारी खाती आणि ती हुडकू पाहणारे केंद्र यांतील संघर्ष तिनेही मिटला नाही आणि १९९१ मध्ये गोस्प्लान इतिहासजमा होईपर्यंत तो कायम राहिला. नियोजनाच्या यशापयशाची चर्चा करताना उत्पादनाच्या आकड्यांबरोबरच ते आकडे निर्भयपणे मांडण्याची मोकळीक होती की नाही, हा प्रश्नही इतिहासाच्या अभ्यासकाने विचारणे म्हणूनच आवश्यक ठरते.